‘मी ठीक आहे साहेब’ म्हणू नका! जखमी फौजीच्या घरात माहीत हवाच असा एक भत्ता

सकाळी डोळे उघडल्यापासून चहाचा कप हातात येईपर्यंत तुम्ही किती कामं करता, कधी मोजलंय? कूस बदलता, उठून बसता, पाय खाली सोडता, चप्पल शोधता, बाथरूमला जाता, दात घासता, तोंड पुसता. यातलं एकही काम आपल्याला काम वाटत नाही. आता कल्पना करा, यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी तुम्हाला कुणाला तरी हाक मारावी लागते. आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजे पगारी माणूस नाही, तर तुमची बायको आहे, म्हातारी आई आहे किंवा कॉलेजला निघालेला मुलगा आहे.

मी हे आमच्या आत्याच्या घरी पाहिलंय. आतोबा फौजेत हवालदार होते. डोंगराळ भागात ड्युटीवर असताना त्यांची गाडी दरीत कोसळली आणि मानेच्या मणक्याला मार बसला. जीव वाचला, पण खांद्याखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत आत्याकडे गेलं की रात्री एक आवाज यायचा, पलंग करकरल्याचा. दर दोन तासांनी उठून आत्या त्यांची कूस बदलायची. एकाच अंगावर पडून राहिलं तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या चिघळतात आणि त्यातून जिवावर बेततं. त्यामुळे आत्याच्या घरात अलार्म सकाळचा नव्हता, रात्रीचा होता.

कितीतरी वर्षं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की या रात्रीच्या उठण्यासाठी, या उचलण्या-बसवण्यासाठी सरकारी नियमांत वेगळ्या पैशांची सोय आहे. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, आणि ज्यांनी विचारायला हवं होतं ते आतोबा विचारणाऱ्यांतले नव्हते.

पेन्शन वेगळी, हा भत्ता वेगळा

या भत्त्याचं इंग्रजी नाव आहे ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’. फौजेच्या कागदांत तो ‘सीएए’ असा लिहिलेला दिसेल. (बातम्यांतल्या त्या दुसऱ्या सीएएशी याचा काही संबंध नाही!) आपण सोयीसाठी त्याला मदतनीस भत्ता म्हणू. अपंगत्व इतकं गंभीर आहे की माणूस रोजच्या साध्यासाध्या गोष्टींसाठी पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, अशांसाठी तो आहे.

पुष्कळ घरांत गोंधळ इथेच होतो. ‘आम्हाला अपंगत्वाची पेन्शन मिळते की,’ असं म्हणून लोक थांबतात. ती मिळते, पण तो हिशेब निराळा.

सेवेतल्या कारणामुळे अपंगत्व येऊन फौज सोडावी लागली, तर पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा भाग, जो शेवटच्या पगाराच्या निम्मा असतो. दुसरा अपंगत्वाचा भाग. अपंगत्व १०० टक्के असेल तर हा दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. युद्ध, सीमेवरची चकमक, सुरुंग काढताना झालेला स्फोट अशा प्रसंगांत जखम झाली असेल तर त्याला ‘वॉर इन्जुरी’ म्हणतात. मग १०० टक्के अपंगत्वाला तो दुसरा भाग ३० टक्के नसतो, शेवटच्या पगाराइतका असतो. समजा शेवटचा पगार ४० हजार होता. अपघातात जखमी झालेल्या जवानाला २० हजार अधिक १२ हजार मिळतील, चकमकीत जखमी झालेल्याला २० हजार अधिक ४० हजार. वर महागाईची भर दोघांनाही. जखम कशी झाली, यावर एवढा फरक पडतो. म्हणूनच ‘कोणत्या कॅटेगरीत घातलंय’ हा प्रश्न फौजी घरांत पोटतिडकीने विचारला जातो.

मदतनीस भत्ता मात्र हा भेद करत नाही. रँकही बघत नाही. शिपाई असो की कर्नल, रक्कम एकच. आणि ते बरोबरच आहे म्हणा. न हलणारं शरीर कूस बदलताना सारखंच जड असतं.

रक्कम किती?

पाचव्या वेतन आयोगाच्या काळात हा भत्ता महिन्याला ६०० रुपये होता. सहाव्या आयोगानंतर ३,००० झाला. तेव्हापासून नियम असा, की महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हा भत्ता २५ टक्क्यांनी वाढवायचा. असं करत तो ४,५०० वर आला. सातव्या आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, तो ६,७५० रुपये झाला. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्त्याने ५० टक्क्यांची रेघ गाठली. तोच २५ टक्क्यांचा नियम लावला तर ६,७५० चे ८,४३७ रुपये ५० पैसे होतात. तुमच्या घरी हा भत्ता येत असेल आणि आकडा अजून ६,७५० वरच अडकलेला दिसत असेल, तर पेन्शन कार्यालयाला विचारायला काहीच हरकत नाही.

आता जरा कॅलक्युलेटर काढा. ८,४३७ भागिले ३० म्हणजे दिवसाला २८१ रुपये. त्याला २४ ने भागलं तर तासाला बारा रुपयेही होत नाहीत. शहरात रुग्णाची काळजी घेणारा माणूस बारा तासांसाठी ठेवायचा तर काय दर आहे, हे तुमच्या जवळच्या एजन्सीला एक फोन करून विचारा. मी विचारला होता. पुढे काही बोलले नाही, थँक्यू म्हणून फोन ठेवला.

म्हणजे या पैशांत पूर्णवेळ माणूस येत नाही, हे उघड आहे. पण सकाळच्या दोन तासांसाठी कुणीतरी येऊ शकतं. आंघोळ घालायला, खुर्चीत बसवायला, पायांचा व्यायाम करून घ्यायला. ज्या बाईने पंधरा वर्षं हे एकटीने केलंय, तिला विचारा त्या दोन तासांची किंमत.

मिळतो कुणाला?

अटी मोजक्या आहेत, पण प्रत्येक अट नीट वाचावी लागते.

पहिली अट, मान्य झालेलं अपंगत्व १०० टक्के हवं. मान्य झालेलं म्हणजे सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं बोर्डाने आणि पेन्शन मंजूर करणाऱ्यांनी स्वीकारलेलं. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची पद्धत आहे. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे असेल तर १००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधल्या राम अवतार निकालाने हा फायदा सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. पण पेन्शनच्या हिशेबात तुमच्या ८० चे १०० झाले, म्हणून मदतनीस भत्ताही आपोआप सुरू होईल असं धरून चालू नका. दोन्हींचा रस्ता वेगळा आहे.

दुसरी अट, मेडिकल बोर्डाने तसं मत द्यायला हवं. या माणसाला सतत मदतनीस लागतो आणि ही गरज किमान तीन महिन्यांची आहे, असं. फक्त १०० टक्के लिहून भागत नाही. मदतनिसाबद्दलचं वाक्य वेगळं लागतं. अर्ध्याहून जास्त गोष्ट या एका वाक्यात अडकलेली असते, त्याकडे मी पुन्हा येते.

तिसरी अट, मदतीची गरज त्याच मान्य झालेल्या अपंगत्वामुळे असायला हवी. आजोबा १९७१ च्या लढाईत होते, एका हाताचं अपंगत्व मान्य आहे, आणि आता वयाच्या ७८ व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळलेत. तर त्या झटक्यासाठी हा भत्ता मिळणार नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण हा म्हातारपणाचा भत्ता नाही. वयासाठी वेगळी सोय आहे. ८० वर्षं पूर्ण झाली की पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की पेन्शन दुप्पट. आजोबांची जन्मतारीख रेकॉर्डमध्ये बरोबर लागली आहे ना, एवढं मात्र आजच बघून घ्या.

शिवाय, जखमी सैनिक सरकारी खर्चाने रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत राहून उपचार घेत असेल, तर तेवढ्या काळाचा भत्ता मिळत नाही. कारण तिथली देखभाल सरकारच करत असतं. पुण्याजवळ खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर अशा जखमेनंतरचं आयुष्य कसं असतं याची थोडी कल्पना असेल. ज्यांच्यावर तो सिनेमा बेतला ते मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांची गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. पण त्याच प्रकारची जखम घेऊन घरी परतलेल्या, पदक न मिळवलेल्या माणसाच्या घरात सकाळी सात वाजता काय चाललेलं असतं, यावर सिनेमा निघत नाही.

केंद्रीय राखीव पोलिस दल, सीमा सुरक्षा दल अशा निमलष्करी दलांतल्या लोकांसाठी नियमांचं पुस्तक वेगळं आहे. त्यांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे ‘एक्स्ट्राऑर्डिनरी पेन्शन’ नियम लागू होतात. त्यातही १०० टक्के अपंगत्व असून रोजच्या गोष्टींसाठी पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असलेल्यांसाठी हाच भत्ता आहे. तेव्हा ‘आमचे फौजेत नाहीत’ म्हणून वाचन थांबवू नका.

बोर्डासमोरची ती दहा मिनिटं

आता त्या वाक्याकडे परत येते.

आतोबांचं बोर्ड झालं त्या दिवशी ते पहाटेच उठले होते. म्हणजे आत्याने त्यांना उठवलं होतं. आत्याने त्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, पट्टा बांधून व्हीलचेअरमध्ये नीट बसवलं. आत बोलावलं तेव्हा आत्याला बाहेर बाकावर थांबायला सांगितलं. आत काय झालं ते आतोबांनी खूप वर्षांनी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं चाललंय? ते म्हणाले, ‘एकदम ठीक आहे साहेब.’ जेवण? ‘जेवतो साहेब.’ घरी काही अडचण? ‘काही नाही साहेब.’

आणि बोर्डाच्या कागदावर आलं, अपंगत्व १०० टक्के, मदतनिसाची आवश्यकता नाही.

त्या डॉक्टरांना काय म्हणायचं? त्यांच्यासमोर चकाचक दाढी केलेला, ताठ बसलेला, हसून बोलणारा माणूस होता. ती दाढी कुणी केली हे त्यांनी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. फौजेत वीस वर्षं ‘ठीक आहे साहेब’ म्हणायची सवय लागलेला माणूस एका दिवसात ती सवय सोडत नाही. शिवाय परक्या माणसासमोर ‘मला बाथरूमला दुसरं कुणीतरी नेतं’ हे बोलायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हीआम्ही घरबसल्या ठरवू नये.

मला वाटतं, या भत्त्याच्या वाटेत सगळ्यात मोठा अडथळा कुठल्या नियमाचा नाही. तो या लाजेचा आहे. आणि दुसरा अडथळा आपल्या घरांतल्या समजुतीचा. बायकोने नवऱ्याचं केलं तर त्यात विशेष काय, आईने मुलाचं केलं तर त्याचे पैसे कसले? आत्यालाही हेच वाटायचं. ‘मी काय नर्स आहे का पैसे घ्यायला,’ ती म्हणायची. हा विचार चांगुलपणाचा आहे, पण त्या चांगुलपणाने तिची पाठ गेली. पन्नाशीच्या आत कमरेला पट्टा लागला. एका ७० किलोच्या माणसाला दिवसातून सहा वेळा उचलून बघा.

अमेरिकेत जखमी माजी सैनिकांसाठी अशीच सोय आहे, तिला ‘एड अँड अटेंडन्स’ म्हणतात. तिथे सरळ बघितलं जातं की माणूस स्वतःचे कपडे घालू शकतो का, जेवू शकतो का, अंघोळ-स्वच्छता स्वतः करू शकतो का, घरातल्या धोक्यांपासून स्वतःला सांभाळू शकतो का. २०१० च्या एका कायद्याने तर गंभीर जखमी सैनिकाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसालाच दरमहा मानधन देण्याची योजना आणली. बायकोने नवऱ्याचं केलं तरी ते काम आहे, हे तिथे कागदावर आलं. आपल्याकडे भत्ता सैनिकाच्या पेन्शनमध्ये येतो, करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

तर बोर्डाला जायचं असेल, पहिल्यांदा किंवा पुन्हा, तर काय करावं? आत्याने दुसऱ्या वेळी जे केलं ते सांगते. तिने वहीच्या दोन पानांवर एक अख्खा दिवस लिहून काढला. सकाळी ५.३० ला कॅथेटरची पिशवी रिकामी केली. ६ ला पोट साफ करायला मदत, पाऊण तास. ७ ला अंग पुसणं, पाठीची तपासणी, कपडे. ८ ला भरवणं. मग दोघांनी मिळून खुर्चीत बसवणं. दुसरा माणूस म्हणजे शेजारचा मुलगा, तो नसला तर खुर्ची नाही. असं करत रात्री ११, १, ३ ला कूस बदलणं. विशेषण एकही नाही. ‘फार हाल होतात’ असं कुठेही नाही. फक्त वेळ आणि काम. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र, जुन्या बेडसोरच्या उपचारांचे कागद, फिजिओथेरपीची नोंद. आणि ती बाहेरच्या बाकावर बसली नाही. ‘यांना काय लागतं ते मला माहीत आहे, मला दोन मिनिटं आत येऊ द्या,’ असं म्हणाली. येऊ दिलं.

तुमच्या घरचं माणूस बोर्डाला जाणार असेल तर आदल्या रात्री त्यांच्याशी बोला. खोटं बोलायचं नाही, वाढवून सांगायचं नाही. जे रोज घडतं ते लपवायचं नाही, एवढंच. हातात चमचा धरता येत नसेल तर ‘जेवतो’ हे अर्धं उत्तर आहे. ‘बायको भरवते तेव्हा जेवतो’ हे पूर्ण उत्तर.

कागद कुठे बघायचे, दार कुठलं ठोठवायचं

सगळ्यात आधी घरातला पीपीओ काढा, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. फौजेच्या पेन्शनचं काम आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून चालतं आणि त्याचं मुख्य पेन्शन कार्यालय प्रयागराजला आहे. स्पर्शवर लॉगिन करून पेन्शनचा तपशील बघा. अपंगत्वाच्या भागापुढे किती टक्के लिहिलंय? मदतनीस भत्त्याची ओळ आहे का? बोर्डाच्या कागदात शिफारस आहे पण पीपीओत ओळ नाही, असं असेल तर स्पर्शवर तक्रार नोंदवा आणि रेकॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. प्रत्येक रेजिमेंटचं, कोअरचं आपापलं असतं आणि त्याचा पत्ता डिस्चार्ज बुकावरून कळतो.

बोर्डाच्या कागदातच शिफारस नसेल तर काम थोडं लांबचं आहे. फौज सोडताना झालेल्या बोर्डाने कायमच्या अपंगत्वाबद्दल दिलेलं मत एरवी आयुष्यभरासाठी धरलं जातं. दर काही वर्षांनी पुन्हा बोर्डाला बोलावण्याची जुनी पद्धत २००१ पासून गेली. पण सैनिक स्वतः पुनर्तपासणी मागू शकतो. तब्येत नंतर बिघडली असेल, पूर्वी हाताने खुर्ची ढकलता यायची आणि आता येत नसेल, तर तसं लिहून मागणी करा. दावा नाकारला गेला तर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, त्यानंतर दुसरं अपील. तरीही काही झालं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे; दिल्ली, चंडीगड, जबलपूर, चेन्नई, कोलकाता अशा शहरांतही आहेत. उशीर करू नका. उशिरा गेलेल्यांची मागची थकबाकी न्यायालयांनी अनेकदा तीन वर्षांपुरतीच दिली आहे.

‘अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही’ असं सांगून मुळातच नकार आला असेल, तर वकिलाला २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाबद्दल विचारा. भरती होताना माणूस धडधाकट होता, कागदावर कुठल्या आजाराची नोंद नव्हती. तर नंतर आलेला आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. मात्र २१ सप्टेंबर २०२३ नंतर फौज सोडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी आपला सल्ला त्या नियमांवरून घ्यावा.

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. महाराष्ट्राबाहेर राहत असाल, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, तर तिथे ते जिल्हा सैनिक बोर्ड किंवा तशाच नावाने सापडेल. अर्ज लिहून देणं, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करणं ही त्यांची रोजची कामं आहेत. जाताना पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि बोर्डाच्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. एक तिथे राहते, एकावर तारखेसह पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, हा माझा नाही, आत्याचा सल्ला.

ज्यांचा हिशेब वेगळा आहे

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर जे सगळं लिहिलं ते पेन्शनवर घरी आलेल्या सैनिकाचं. अग्निवीरांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्यांना एकरकमी मदत मिळते, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. ४४ लाख ऐकायला मोठे वाटतात. पण बावीस वर्षांच्या मुलाला पुढची पन्नास वर्षं रोज कुणीतरी उचलायचं असेल, तर ते किती पुरतील हे तुम्हीच मांडून बघा.

आणि खडकवासल्यासारख्या अकादमींत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडलेले कॅडेट. अधिकारी होण्याआधीच जखम झाली म्हणून ते माजी सैनिकांत मोजले जात नाहीत. पेन्शनऐवजी त्यांना सानुग्रह रक्कम मिळते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या मुलांची दखल घेतली. त्याच वर्षी माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, त्यांना खुली झाली. कूस बदलणारे हात मात्र अजून बहुतेक ठिकाणी आईचेच आहेत, आणि त्या आया आता साठीला आल्यात.

आईवरून आठवलं. हा भत्ता जखमी सैनिकाच्या नावावर असतो, त्यामुळे तो त्यांच्याबरोबर थांबतो. पुढे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, मदतनीस भत्ता नाही. म्हणून जे मागायचं ते वेळेत मागा.

आत्याकडे तो सुरू झाला तेव्हा आतोबांच्या जखमेला अकरा वर्षं झाली होती. बँकेचा मेसेज आला त्या संध्याकाळी घरात फार काही बोलणं झालं नाही. आतोबा टीव्ही बघत होते. पुढच्या महिन्यापासून गावातलाच एक मुलगा सकाळी सहा ते आठ यायला लागला. पहिले दोन दिवस आत्या त्याच्या मागेमागे फिरत होती. असं धर, पाय आधी, मान सांभाळ. तिसऱ्या दिवशी आतोबांनीच तिला खोलीबाहेर घालवलं. त्या आठवड्यात मी तिथे होते. सकाळी साडेसातला चहा करून आत्याला उठवायला गेले, तर ती गाढ झोपली होती. मी चहा झाकून ठेवला.